मंगळवार-गुरुवारचं ऑफिस

कंपनीचं परिपत्रक आलं तेव्हा मी ऑफिसात बसून शेजारच्या टेबलावरच्या माणसाशी व्हिडिओवर बोलत होतो. हे मुद्दाम आधी सांगतोय, कारण पुढे जे काही झालं त्याचं खापर एकट्या माझ्या डोक्यावर फुटू नये. आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते. लिफ्ट अडकली की आतला माणूस बाहेर आल्याआल्या तक्रार लिहितो आणि त्या तक्रारीला उत्तर लिहिणं हे माझं काम. गेली बावीस वर्षं मी अनोळखी लोकांना झालेल्या गैरसोयीबद्दल खेद व्यक्त करतोय. या कामाला टेबल, खुर्ची आणि थोडी शांतता एवढंच लागतं. पहिल्या दोन गोष्टी ऑफिस पुरवतं. तिसरी मिळत नाही, कारण मधल्या भिंती पाडून सगळ्यांना एका हॉलमध्ये आणल्यापासून जो तो कानांत यंत्रं खुपसून मोठ्याने बोलतो. त्यामुळे शेजाऱ्याचं ऐकू यायचं असेल तर त्याला व्हिडिओवरच गाठावं लागतं. त्याच्याकडे नुसती मान वळवून बोललं तर तो दचकतो.

या ठिकाणी पोहोचण्यासाठी मी रोज सव्वा तास बसमध्ये उभा राहायचो आणि तेवढाच वेळ उभा राहून परत यायचो. परिपत्रकात म्हटलं होतं की पात्र कर्मचाऱ्यांना आठवड्यातले दोन दिवस घरून काम करता येईल. हॉलमध्ये त्या दिवशी पहिल्यांदा खरी शांतता पसरली. सगळे वाचत होते.

मी अर्ज केला तो मात्र बसमुळे नाही आणि हॉलमुळेही नाही. बाबांमुळे केला. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. एका सरकारी कचेरीत रेकॉर्डकीपर म्हणून उभी हयात गेली. त्यांच्या ताब्यातली फाइल सहीशिवाय कपाटाबाहेर पडली नाही, प्रत्यक्ष साहेबांनी मागितली तरी. आम्ही दोघं नवराबायको कामावर. बायको एका मोठ्या इस्पितळाच्या औषधांच्या दुकानात असते, ती सातला येते. त्यामुळे दिवसभर बाबा घरी एकटे. परिपत्रकाच्या दोन महिने आधी मी संध्याकाळी आलो तेव्हा ते बाथरूममध्ये भिंतीला टेकून खाली बसलेले होते. विचारलं तर म्हणाले, बसलोय जरा. कधीपासून, म्हटलं, तर तीनपासून. तेव्हा पावणेसात झाले होते. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की चक्कर आहे, वयाची आहे, पुन्हा येऊ शकते. तेव्हापासून ऑफिसच्या घड्याळात तीन वाजले की माझं लिहिणं थांबायचं.

हे मी बाबांना सांगणं शक्य नव्हतं. घरी सोबतीला कुणी बाई ठेवू या, एवढं नुसतं बायकोने सुचवलं तर त्यांनी दोन दिवस अबोला धरला होता. अर्जातही सांगण्याची सोय नव्हती. कारणांच्या यादीत 'कार्यक्षमता वाढवणे' होतं आणि 'इतर' होतं. 'इतर'ला पुरावे जोडायचे होते. मी कार्यक्षमतेवर खूण केली आणि बाबांनाही तेच सांगितलं. ते म्हणाले, "चांगलं आहे. बढतीच्या दृष्टीने विचार करतोयस, हे बरं." बावीस वर्षांत त्यांनी माझं केलेलं हे पहिलं कौतुक. तेही चुकीच्या माहितीवर.

अर्जासोबत नऊ पानी पुस्तिका होती. घरून काम करणाऱ्याला दार असलेली स्वतंत्र खोली हवी. आमच्या घरात दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि एक बाल्कनी. दोन खोल्यांना दारं होती, पण त्यांत माणसं होती. राहिली बाल्कनी. खालच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनियर राहतात. सगळी इमारत त्यांना सल्लागार म्हणते आणि हे त्यांना माहीत नाही. त्यांनी बाल्कनी पाहून सांगितलं की पश्चिमेचं ऊन आहे, तीन वाजता तुम्ही भाजून निघाल. समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की ऊन चांगलंच, पण खुर्चीला कंबरेपाशी आधार हवा, नाहीतर आयुष्यभर रडत बसाल. दात त्यांचे आणि कंबर माझी, तरी त्या अधिकाराने बोलल्या. मी दोघांचंही ऐकलं. म्हणजे जाड पडदा लावला आणि खुर्ची आणली. त्या पडद्यामुळे उजेड गेला आणि पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे 'पुरेशा प्रकाशा'साठी दोन दिवे लावावे लागले. दिव्यांमुळे उकडायला लागलं.

सुताराला मी टेबल आणि दार अशी दोन कामं सांगितली. माणूस कामाला चोख होता. त्याने मापं घेतली आणि टेबल बाल्कनीतच बनवलं. ते इतकं नेमकं बसलं की तीन भिंतींपैकी एकीशीही कागद सरकवायला फट उरली नाही. मग त्याने दार बसवलं. दार आत उघडणारं होतं. ते अर्धं उघडलं आणि टेबलाला अडलं. मी सुताराकडे पाहिलं, सुताराने टेबलाकडे पाहिलं. तो म्हणाला, तुम्ही दार बाहेर उघडणारं सांगितलं नव्हतं. मी नव्हतं सांगितलं, हे खरंच होतं. दार बाहेरच्या बाजूने उघडतं करता येईल का, तर करता येईल, पण मग ते बाबांच्या पलंगाला अडेल. टेबल बाहेर काढता येईल का, तर कापून. शेवटी मी आडवा होऊन, पोट आत ओढून आत शिरायला शिकलो. बायको म्हणाली, बाकी काही नाही तरी तुझं पोट कमी होईल.

पुढे इमारतीच्या सेक्रेटरींचं ना-हरकत पत्र. सेक्रेटरी दुपारी बारा ते दोन या वेळातच भेटतात, आणि त्या वेळात मी ऑफिसात. म्हणून घरी राहायची परवानगी मिळवण्यासाठी मी रजा काढून घरी राहिलो. सेक्रेटरींनी अर्ज वाचला आणि विचारलं, पाटी लावणार का? नाही. गिऱ्हाइकं येणार का? माझ्याकडे गिऱ्हाइकं आली तर ती मारायलाच येतील, असं मी म्हणणार होतो, पण नुसतं नाही म्हटलं. लिफ्टचा वापर वाढेल का? उलट कमी होईल, मी खाली जाणारच नाही. हे त्यांना पटलं, पण लेखी हवं होतं. मी लिहून दिलं की मंगळवारी आणि गुरुवारी मी लिफ्ट वापरणार नाही. नंतर लक्षात आलं की हे मी स्वतःच्या सहीने देऊन बसलोय, आणि चौथ्या मजल्यावर राहतोय. समितीची बैठक व्हायची होती, ती गणसंख्येअभावी एकदा तहकूब झाली. दुसऱ्यांदा झाली तेव्हा मी पुन्हा रजेवर होतो.

शेवटी राहिलं कुटुंबीयांचं हमीपत्र. ते छापील होतं. वर कार्यस्थळाचा पत्ता लिहायचा होता, खाली घरातल्या सज्ञान माणसांनी सह्या करायच्या होत्या. मी पत्ता लिहिला, जसा आपण कुठल्याही अर्जावर लिहितो तसा, फ्लॅट क्रमांकासकट पूर्ण. बायकोने गॅसवर एक डोळा ठेवून सही केली. बाबांनी कागद खिडकीशी नेला. चष्मा पुसला. दोन वेळा वाचला. मला हाक मारून विचारलं, "हे तू वाचलंयस ना नीट?" मी म्हटलं, हो बाबा, छापीलच असतं सगळं. त्यांनी सही केली, खाली तारीख घातली आणि स्वतःसाठी एक प्रत मागून घेतली. मी ते वाचलं नव्हतं. लोकांच्या तक्रारी वाचून वाचून घरी आल्यावर मला छापील अक्षर सहन होत नाही.

परवानगी आली. तीन महिने प्रायोगिक तत्त्वावर. पुस्तिकेनुसार व्यवस्थापन कधीही स्थळपाहणी करू शकणार होतं. शिवाय संगणकावर एक हिरवा ठिपका दिला होता. पाच मिनिटं हात हलला नाही की तो पिवळा व्हायचा आणि आमच्या मॅनेजरबाईंना कळायचं. ऑफिसात मी दोन-दोन तास खिडकीतून बाहेर बघत बसलो तरी कुणाला पत्ता नसायचा. घरी बाथरूमला जायचं तरी धावत. आडव्या दारातून धावणं हा प्रकार प्रत्यक्ष केल्याशिवाय समजणार नाही.

तरीही सांगतो, ते दिवस सुखाचे होते. सकाळी सव्वा तास माझा होता. मी तो झोपून घालवला. कानात यंत्र, दार लावलेलं, समोर तक्रारी, कुणी मध्ये बोलायला नाही. ज्या उत्तराला ऑफिसात अर्धा दिवस जायचा ते तासाभरात व्हायचं. एका गृहस्थांना तर मी इतकं सुरेख उत्तर लिहिलं की त्यांनी उलट आभाराचं पत्र पाठवलं. सेवेतलं पहिलं. आणि तीन वाजले की लिहिणं थांबायचं नाही. भिंतीपलीकडे बाबा होते. आवाज नाही, खोकला नाही, रेडिओ नाही. डबा मी टेबलावरच खायचो, आणि बाथरूमला धावताना पलंग रिकामा दिसला तर ते बाहेरच्या खोलीत असतील असं धरायचो. मी मनात म्हणायचो, किती समजूतदारपणे राहतात. सहा-सव्वासहाला मी कानातलं काढून आडवा बाहेर यायचो तेव्हा ते त्यांच्या खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसलेले असायचे. आज कसं काय, असं मी विचारायचो, आणि ते ठीक म्हणायचे. ऑफिसात मी सगळ्यांना बाबांचं उदाहरण द्यायचो. घरच्यांनी सहकार्य करायला हवं, म्हणायचो, आमचे बाबा बघा.

याच सुमारास इमारतीतली माणसं माझ्याशी विचित्र वागायला लागली. सल्लागारांनी सल्ला देणं बंद केलं, ही तर धक्कादायक गोष्ट होती. जिन्यात दिसले की नुसते बघायचे आणि मान हलवायचे. डॉक्टरीणबाईंनी एकदा मला थांबवून विचारलं, घर लहान पडतंय का हो? मी म्हटलं, लहान होतं, पण आता सगळ्यांची छान सोय झालीय, बाबा तर खूश आहेत. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी असूया समजलो. घरून काम मिळालेल्या माणसाकडे जग असंच बघतं, असा माझा समज होता.

मग सेक्रेटरींची नोटीस आली. चौथ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर खुर्ची ठेवून जिना अडवू नये. नोटीस माझ्या नावाने होती. अंगाचा तिळपापड झाला. ज्या माणसाने लेखी हमी देऊन लिफ्ट सोडली, त्याच्यावर जिन्याचा आळ. मी बावीस वर्षांचा अनुभव पणाला लावून उत्तर लिहिलं. आपल्या पत्राबद्दल आभारी आहोत, सदर खुर्चीशी आमचा कोणताही संबंध नाही, तथापि आपणास झालेल्या गैरसोयीबद्दल खेद वाटतो. प्रत सूचना फलकावर लावण्याचीही विनंती केली आणि ती त्यांनी तत्परतेने लावली. इमारतीत ती मोठ्या आवडीने वाचली गेली, असं मला नंतर समजलं.

सातव्या आठवड्यातल्या गुरुवारी तीन वाजून वीस मिनिटांनी वीज गेली. दोन्ही दिवे गेले, इंटरनेट गेलं आणि हिरवा ठिपकाही गेला. दीड महिन्यात पहिल्यांदा मला ऑफिसच्या वेळात मोकळं मिळालं. बाबांशी दोन शब्द बोलावं म्हणून मी आडवा बाहेर आलो. पलंगावर बाबा नव्हते. स्वयंपाकघरात नव्हते. बाथरूमचं दार लोटलेलं होतं. ते ढकलायला मला जरा वेळ लागला. आत कुणी नव्हतं. बाहेरच्या खोलीत आलो तर त्यांच्या चपला जागेवर नव्हत्या. मी अनवाणी बाहेर पळालो. लिफ्ट बंद होती, नाहीतर सेक्रेटरींना दिलेली लेखी हमी मोडून मी तीच धरली असती. जिना उतरायला लागलो आणि अर्ध्या मजल्यावर थांबलो.

वळणावरच्या खिडकीखाली, आमच्याच घडीच्या खुर्चीवर बाबा बसले होते. पायाशी थर्मास, डबा आणि छत्री. मांडीवर वर्तमानपत्र. त्या खुर्चीचे मागचे दोन पाय पायरीपासून वीतभर अंतरावर होते.

मला बघून ते घाईने उठायला लागले. म्हणाले, "काय झालं? बोलावलंय का ऑफिसातून?"

"तुम्ही इथे काय करताय, बाबा?"

"सहा वाजायचेत अजून." त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. हमीपत्राची प्रत होती. मी ते पहिल्यांदा वाचलं. कार्यालयीन वेळेत, म्हणजे सकाळी दहा ते सायंकाळी सहा, वर नमूद केलेल्या कार्यस्थळी कर्मचाऱ्याव्यतिरिक्त कोणतीही व्यक्ती उपस्थित राहणार नाही. वर नमूद केलेलं कार्यस्थळ माझ्या अक्षरात होतं. मी बाल्कनी लिहायची ती सगळं घर लिहिलं होतं.

सातवा आठवडा. मंगळवार आणि गुरुवार. मी हिशेब करायचं टाळलं, पण तो आपोआप झाला. जो माणूस घरात एकटा पडू नये म्हणून मी हा सगळा उद्योग केला, त्याला मी दर आठवड्याला सोळा तास जिन्यावर बसवलं होतं. बाथरूमला कुठे जात होतात, असं विचारलं तर डॉक्टरीणबाईंकडे, म्हणाले. चांगल्या आहेत, विचारत नाहीत काही.

मला लाज वाटत होती आणि रागही येत होता, आणि राग त्यांच्यावर काढता येत नव्हता. मी म्हटलं, "बाबा, असल्या कागदांना कुणी धरून बसतं का?"

"मी सही केलीय." मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "तुझं प्रायोगिक आहे. तीन महिन्यांत कुणी बघायला आलं आणि घरात म्हातारा सापडला, तर बढती जाईल तुझी."

"बढतीसाठी नाही केलं मी हे."

"मग?"

मी पायरीवर बसलो. "तुम्ही त्या दिवशी तीनपासून बाथरूममध्ये बसला होतात, म्हणून केलं. दोन दिवस तरी मी घरात असावं म्हणून."

बाबांनी मांडीवरच्या वर्तमानपत्राची घडी घातली. खालून सल्लागार वर येत होते. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि आल्या पावली परत गेले.

"हे आधी सांगायचं," बाबा म्हणाले. "मी आतल्या आत कुढत होतो. म्हटलं, याला काम करताना माझी अडचण होतेय, तोंडावर बोलवत नाहीये, म्हणून कागदावर लिहून घेतलं."

माझे डोळे भरून आले. हे लिहायला मला काही वाटत नाही, वळणावर दुसरं कुणी नव्हतं. मी म्हटलं, चला आत. तर ते म्हणाले, सहा वाजेपर्यंत नाही. मी विनवलं, चिडलो, कागद फाडतो म्हणालो. त्यांनी प्रत माझ्या हातून काढून परत खिशात घातली. ज्याने साहेबाला फाइल दिली नाही तो मला काय जुमानणार. शेवटी त्यांनीच विचार केला आणि तोड काढली. म्हणाले, कार्यालयीन वेळ कर्मचाऱ्यामुळे असते. कर्मचारी रजेवर गेला तर घर पुन्हा घर होतं. अर्ध्या दिवसाची टाक.

मी तिथेच पायरीवर बसून फोनवर रजेचा अर्ज भरला. मॅनेजरबाईंचा लगेच फोन आला. वीज गेलीय, तेवढ्यासाठी रजा नको, येईल इतक्यात, म्हणाल्या. तुम्ही घरीच आहात ना?

"जिन्यात आहे, मॅडम."

"मग रजा कशासाठी हवीय?"

"घरी राहायचंय."

त्यांनी फोन ठेवला. नंतर अर्जावर मंजूर असं उमटलं. बाबांनी फोन हातात घेऊन ते वाचलं, मग थर्मास माझ्याकडे दिला आणि खुर्चीची घडी घातली. गुडघे आखडले होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही नऊ पायऱ्या चढून घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्यागेल्या मी पत्ता दुरुस्त करण्याचा अर्ज दिला. त्याला सेक्रेटरींचं नवं ना-हरकत पत्र लागतं आणि सेक्रेटरींना आधी खुर्चीबद्दल लेखी खुलासा हवाय. तो मी दिलाय. समितीची बैठक गणसंख्येअभावी तहकूब आहे. तोवर मंगळवारी आणि गुरुवारी मी सकाळी ऑफिसला जातो, हॉलमध्ये बसून खेद व्यक्त करतो आणि अर्धी रजा टाकून दुपारच्या बसने परत येतो. तीनच्या आत घरी असतो. बाबा पलंगावर आडवे होतात, मी खुर्ची ओढून शेजारी बसतो. फारसं बोलणं होत नाही. बाल्कनीत आता बायको सकाळी कामावर जाताना कपडे वाळत घालून जाते, कारण पश्चिमेचं ऊन चांगलं आहे.

परवा बाबांनी विचारलं, रजा किती उरल्यात? साडेनऊ, म्हटलं, म्हणजे एकोणीस दुपारी. त्यांनी बोटांवर मोजून पाहिल्या.

"पुढच्या वर्षीच्या वेगळ्या मिळतात ना?"

"मिळतात."

"मग काळजी नाही," म्हणाले, आणि भिंतीकडे कूस वळवून झोपले.